सूनबाईच्या पाटीचा रंग

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही वर्गावर शिकवलं नाही. तरी कारखान्याच्या फाटकावरच्या रखवालदारापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि पुढे ते नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. ते रंगमास्तर होते. शिलाईच्या धाग्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कुठून तरी कापडाचा बोटभर तुकडा यायचा, आणि त्या कापडावर शिवल्यावर दिसणार नाही असा धागा रंगवून द्यायचा. ऐकायला सोपं. पण पांढऱ्याच्याच एकोणतीस शेड त्यांच्या कपाटात होत्या.

"कपड्याचा रंग लोक बघतात, शिलाईचा कुणी बघत नाही," ते म्हणायचे. "आणि कुणी बघितलाच, तर समजायचं आपलं चुकलं."

बाविसाव्या वर्षी ते कारखान्यात लागले, त्या पहिल्या दिवसाची गोष्ट ते अजून रंगवून सांगतात. नवी नोकरी म्हणून नवा कोरा केशरी शर्ट घालून गेले होते. त्या वेळचे थोरले मास्तर खिडकीशी धाग्याची लड धरून उभे होते. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "घरी जा आणि शर्ट बदलून ये. तुझा शर्ट माझ्या धाग्यावर पडतोय."

रंगखोली म्हणजे चारी भिंती करड्या, टेबल करडं, कपाटं करडी, अंगावरचा एप्रनही करडा. उत्तरेला एक मोठी खिडकी, जिच्यातून ऊन कधी आत यायचं नाही, नुसता उजेड यायचा. शेजारच्या भट्टीतून वाफेचा आणि ओल्या सुताचा वास भिंत ओलांडून यायचा. तांबडा धागा पाहून झाला की लगेच दुसरा उचलायचा नाही, आधी वीस आकडे मोजेपर्यंत भिंतीकडे बघत राहायचं, हा थोरल्या मास्तरांचा दंडक. नव्या माणसाला वाटायचं, हे दोघं भिंतीकडे तोंड करून काय शिक्षा भोगतायत? पण त्या करड्या रंगावर डोळा निवायचा, आणि मग पुढचा धागा खरा दिसायचा. मास्तरांना त्या वीस आकड्यांची इतकी सवय झाली की घरी भांडण झालं तरी ते आधी भिंतीकडे बघायचे. बायको म्हणायची, "मी इकडे आहे, भिंत नाही बोलत."

दोघांचं रंगांवरून जन्मात जमलं नाही. बाजारात ती म्हणायची, "तो अबोली बघा किती छान." हे म्हणायचे, "शेड चारशे बारा. जरा मळलाय." ती मोरपंखी म्हणाली की हे म्हणायचे, "कुठल्या उजेडातला मोरपंखी?" आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत कापड घेऊन रस्त्यावर उजेडात जायचे. दुकानदार मागून धावायचा. एकदा तर त्याने चोर चोर म्हणून आरडाओरडाही केला होता.

मास्तर निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या जागी रंग मोजायचं एक यंत्र आलं. डबीएवढं ते यंत्र धाग्यावर टेकवलं की आकडे सांगतं. मास्तरांनी त्याचा राग कधी धरला नाही, पण निरोपाच्या दिवशी त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं होतं, "याला भिंतीकडे बघावं लागत नाही का?" सगळे हसले. मास्तरांनी खरंच विचारलं होतं.

घरात आता तिघंच. मुलगा जहाजावर इंजिनियर, वर्षातले सात महिने पाण्यावर. सून संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जायची आणि बाकीचे दिवस मागच्या खोलीत दार लोटून बसायची. त्या खोलीत काय चालतं हे मास्तरांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. दार लोटलेलं असलं की काम चालू, एवढं त्यांना पुरे होतं.

त्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं. आधी संध्याकाळी दुखायचं, मग दुपारी, मग जेवायच्या आधीच. ती ओला रुमाल डोळ्यांवर टाकून पडून राहायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नंबर फारसा बदललेला नाही, थोडा तिरपा नंबर आहे तो चष्म्यात घालू, आणि स्क्रीनसमोर कमी बसा.

"माशाला सांगा, पाण्यात कमी पोह," ती घरी येऊन म्हणाली. हसली, पण तिचं हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

आठवड्याभराने तिने सासूला सांगितलं की ती ऑफिसात दुसरं काम मागणार आहे. माणसांना भेटायचं, कामं वाटून द्यायची, बैठका घ्यायच्या. प्रोग्रॅम लिहायचे नाहीत. मास्तर पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण वाचणं थांबलं. लग्न ठरवताना ही मुलगी पहिल्यांदा घरी आली होती तेव्हा सासूने विचारलं होतं, तुला काय आवडतं? आणि ती म्हणाली होती, "मला माझं काम आवडतं." सासूने नंतर नाक मुरडलं होतं, मास्तरांना मात्र ते फार आवडलं होतं. असं उत्तर त्यांनीही दिलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ते स्वतः मागच्या खोलीत गेले. कप ठेवला आणि सहज नजर पडद्यावर गेली. तिथेच थबकले. काजळीसारखी काळी पाटी, आणि तिच्यावर बारीक अक्षरांच्या ओळीच ओळी: भडक गुलाबी, पोपटी, नारिंगी, निळी. जणू कुणी अंधारात रंगीत दिव्यांच्या माळा सांडल्या होत्या.

"अगं," मास्तर म्हणाले, "ही शेड पास कुणी केली?"

सुनेला आधी कळलंच नाही. मग ती हसली, या वेळी नीट. "बाबा, याला थीम म्हणतात. मी ज्याच्यात लिहिते ना, त्या एडिटरमध्ये तयार मिळते. एका जातीच्या शब्दांना एक रंग. म्हणजे पटकन ओळखता येतं. ऑफिसात सगळ्यांची अशीच असते. काळी पाटी डोळ्यांना बरी, असं म्हणतात."

"कुणाच्या डोळ्यांना?"

मास्तर खुर्ची ओढून बसले. किती वेळ ती हे बघते? सात-आठ तास. अक्षरं कशी दिसतात? "सकाळी बरी असतात," ती म्हणाली, "दुपारनंतर कडा पसरतात. पाण्यात शाई पडावी तशी." आणि मान वळवून दुसरीकडे पाहिलं की? "भिंतीवर ओळी दिसतात. पट्ट्या पट्ट्या."

भिंतीवर पट्ट्या दिसणं म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

"हे रंग बदलता येतात?"

"हवे तसे."

"मग मला आठ दिवस दे," मास्तर म्हणाले. "अर्ज त्यानंतर दे."

पहिल्या दिवशी त्यांनी रंगाला हातच लावला नाही. सकाळपासून खोलीत उभे राहून उजेड कुठून येतो, कधी सरकतो, ते बघत राहिले. पडद्यामागची भिंत पांढरीशुभ्र होती आणि दहा वाजता तिच्यावर ऊन यायचं. म्हणजे मधोमध काळी पाटी आणि सभोवती लखलखाट. सुनेच्या मदतीने त्यांनी टेबल फिरवलं, खिडकी बाजूला घेतली आणि समोरच्या भिंतीवर एक जुनी करडी चादर ताणून लावली.

"घराची रंगखोली करायला निघाले," दारातून बायको म्हणाली. "उद्या मलापण करडी रंगवतील."

मग त्यांनी पडद्यावर एक कोरं पांढरं पान उघडायला लावलं आणि त्याच्या शेजारी खरा कागद धरला. कागद कळकट दिसायला लागला. "बघ, हा तुझा पडदा कागद नाही, दिवा आहे," ते म्हणाले. "दिवा वाचतात का कुणी?" कागद आणि पडदा सारखे दिसेपर्यंत त्यांनी उजेड कमी करून घेतला. सुनेला सुरुवातीला सगळं मंद वाटलं, पण तासाभराने ती ते विसरून गेली.

दुसरा दिवस तयार थीम बघण्यात गेला. शेकड्यांनी होत्या. कुठे सगळं निळ्यात बुडालेलं, कुठे पिवळट पाटीवर पिवळीच अक्षरं, कुठे गोऱ्यापान पाटीवर केसासारखी बारीक राखी अक्षरं, जी वाचायला माणसाने नाक पडद्याला लावावं. मास्तर एकेक नापास करत गेले. सून खो खो हसत होती. तिला ते कारखान्यात कसे असतील ते पहिल्यांदाच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची पाटी करायला घेतली. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी आपली शेडकार्डं काढली. जाड पुठ्ठ्यावर गुंडाळलेले धागे, प्रत्येकाखाली त्यांच्या हातचा आकडा. सुनेने सांगितलं की पडद्यावरचा प्रत्येक रंग तीन आकड्यांनी बनतो: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती.

"पिवळा कुठाय?"

"तांबडा आणि हिरवा मिळून पिवळा होतो."

"वेडी का काय! तांबड्यात हिरवा घातला की आमच्या भट्टीत चिखल होतो."

तिने करून दाखवलं. तांबडा पूर्ण, हिरवा पूर्ण, आणि पडद्यावर सूर्यफुलासारखा पिवळाधमक चौकोन उगवला. मास्तर बराच वेळ बघत राहिले. चौतीस वर्षं ज्यांनी रंग कढईत ढवळला, त्यांना उजेडाचे रंग आपसांत असे वागतात हे नव्यानेच कळत होतं. "परत कर," ते म्हणाले. तिने परत केलं. थोरले मास्तर आज असते तर या चौकोनासमोरून दोन दिवस हलले नसते, असं त्यांना वाटलं. त्यांना स्वतःलाही हलवेना.

चौथ्या दिवशी घोळ झाला.

पाटीसाठी मास्तरांना हवा होता रंगखोलीच्या भिंतीचा करडा; आधी तो जुळवायचा आणि मग कागदासारखा उजळ करायचा. त्या भिंतीचा नमुना शेडकार्डात होता. तो त्यांनी पडद्याला लावून धरला आणि सुनेला सांगत गेले, "तांबडा थोडा कमी. हं. निळा वाढव. अजून. अजून थोडा. बस्स! जुळला."

सून नमुन्याकडे बघत होती, पडद्याकडे बघत होती. "बाबा, हा निळसर दिसतोय."

"कुठे निळसर? तंतोतंत आहे."

"नमुना करडा आहे. पडदा निळा आहे."

"अगं, हे माझं काम आहे," मास्तर जरा चढ्या आवाजात म्हणाले. तो आवाज ऐकून बायको आली. तिची गेल्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, आणि पट्टी निघाल्यावर आपल्याच घराच्या भिंती बघून ती म्हणाली होती की रंग कधी दिला? मास्तरांनी तेव्हा तिची भरपूर चेष्टा केली होती. आता ती दोघांच्या मधून वाकली आणि म्हणाली, "निळंच आहे की ते. आभाळासारखं."

मास्तरांनी वीस मोजेपर्यंत चादरीकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. तंतोतंत जुळत होतं.

त्या दुपारी बायको झोपली असताना त्यांनी एक लांबट खोका उघडला. त्यात बारा रिळं होती, हिरव्यापासून निळ्यापर्यंत एकेक पायरीने जाणारी. कामावर नवा माणूस घ्यायचा तर मास्तर त्याच्यापुढे ही बारा रिळं उलटीपालटी करून ठेवत आणि ओळीने लावायला सांगत. दोन चुकली तर माणूस परत जायचा. त्यांनी ती खिडकीशी नेली, डोळे मिटून मिसळली आणि लावली. सावकाश लावली. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "यांच्या बुडाशी आकडे आहेत. वाच बघू."

तिने एकेक रीळ उलटलं. "एक, दोन, तीन, पाच, चार, सहा, नऊ, सात..."

"पुरे," मास्तर म्हणाले.

ती थांबली. काय झालं ते तिला कळलं. मास्तरांनी रिळं खोक्यात भरली, एकही खाली न पाडता, आणि झाकण लावलं. त्यांना आपल्या डोळ्याचं वाईट वाटत होतं, पण त्याहून मोठी एक गोष्ट त्यांच्या मनात उभी राहिली होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षी आकाशी धाग्याचा एक लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला होता. रंग जुळत नाही म्हणून. मास्तरांनी तो स्वतः पास केला होता. त्यांनी मान्यच केलं नाही. भट्टीवाल्याने नंतर रंगाचं पाणी बदललं असणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर ठासून सांगितलं होतं. भट्टीवाला तीस वर्षांचा सोबती. तो खाली मान घालून उभा राहिला होता. त्याची ती खाली घातलेली मान मास्तरांना आज खिडकीत स्पष्ट दिसत होती.

त्यांनी फोन लावला. भट्टीवाला आता मुलीकडे राहायचा, दूरच्या गावी. आवाज ऐकताच तो खूश झाला. "मास्तर! अहो किती दिवसांनी!"

मास्तरांनी इकडचं तिकडचं काही केलं नाही. "तो आकाशी लॉट आठवतो? तू पाणी बदललं नव्हतंस."

"नव्हतं बदललं."

"चूक माझी होती. माझ्या डोळ्याची. मला आज कळलं."

भट्टीवाला हळूच म्हणाला, "मास्तर, रागावणार नसाल तर एक सांगू? आम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"शेवटचं दीड वर्ष निळ्याची प्रत्येक लड तुमच्याकडे यायच्या आधी तपासणीच्या बाईंकडे जाऊन यायची. त्या हो म्हणाल्या की मगच मी तुमच्या टेबलावर ठेवायचो. तेवढा एक लॉट निसटला. बाई त्या दिवशी रजेवर होत्या."

दीड वर्ष! खिडकीशी लड धरून ते किती ऐटीत "पास" म्हणायचे, आणि भट्टीवाला समोर हात बांधून किती गंभीरपणे उभा असायचा!

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगणार होतो? तुमच्या डोळ्याच्या जिवावर आम्ही तीस वर्षं निवांत होतो. शेवटी थोडे दिवस तुम्ही आमच्या डोळ्यांवर काढा, एवढंच. बाई म्हणाल्या, त्यांना कळता कामा नये. कळलं तर ते दुसऱ्या दिवशी राजीनामा देतील."

"दिला असता."

"म्हणूनच." भट्टीवाला हसला. मग दोघंही बराच वेळ जुन्या गोष्टी बोलत बसले. भट्टीची शिट्टी, हिवाळ्यात वाफेजवळ जेवायला जमणारी माणसं, एकदा डाळिंबी रंग सांडून लाल झालेलं मांजर, जे पुढे तीन महिने लाजत फिरत होतं. फोन ठेवताना मास्तर म्हणाले, "माफ कर." भट्टीवाला म्हणाला, "काय मास्तर, सोडा हो." एवढ्यावर ते संपलं.

पाचव्या दिवशी मास्तर मागच्या खोलीत गेलेच नाहीत. गॅलरीत बसून राहिले. दुपारी सूनच बाहेर आली.

"आठ दिवस मागितले होते, बाबा. चारच झालेत."

"माझा डोळा गेला, पोरी. आंधळ्याकडून रंग काय जुळवतेस?"

"वाचायचं मला आहे ना? मग डोळा माझा चालेल," ती म्हणाली. "पण काय बघायचं ते मला कळत नाही. ते तुम्ही विचारा, मी सांगते."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी रंगखोलीत तीन माणसं तयार केली होती. त्यातल्या एकालाही इतकी सरळ गोष्ट सुचली नसती. ते उठले.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. मास्तर पडद्याकडे बघतच नसत. खुर्ची उलटी फिरवून चादरीकडे तोंड करून बसायचे आणि प्रश्न विचारायचे. डोळे मिट, उघड, पहिल्यांदा काय ओरडतं? गुलाबी. त्या गुलाबीचं काय काम? काही नाही, नेहमीचे शब्द, मी ते वाचतसुद्धा नाही, हाताला पाठ आहेत. मग ते ओरडतात कशाला? त्यांना बाकीच्यांच्याच शाईत घाल, हवं तर जरा ठळक कर. आणि सगळ्यात जास्त काय वाचतेस?

सून विचारात पडली. "टिपणं," ती म्हणाली. प्रोग्रॅममध्ये मधे मधे माणसांसाठी साध्या भाषेत टिपणं लिहिलेली असतात, हे काय केलं आणि का केलं ते सांगणारी. जुनं, दुसऱ्याचं काम समजून घ्यायचं तर तीच वाचावी लागतात.

"त्यांचा रंग कोणता?"

"फिकट राखी. सगळ्या थीममध्ये तीच सगळ्यात फिकट असतात."

"जे सगळ्यात जास्त वाचायचं तेच सगळ्यात फिकट?" मास्तरांनी कपाळावर हात मारला. "आमच्याकडे असा माणूस असता तर थोरल्या मास्तरांनी भट्टीत घातला असता."

टिपणांना गर्द हिरवा मिळाला. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराला मातकट तांबडा. चूक झाली तर तिच्याखाली डाळिंबी रेघ, आणि पाटीभर ओरडायची परवानगी फक्त तिलाच. बाकी सगळी अक्षरं जुन्या शाईच्या रंगाची, काळ्याच्या एक पायरी अलीकडची. पाटी करडीच राहिली, पण मास्तरांच्या नमुन्यातली नव्हे. सुनेने ती स्वतःच्या डोळ्याने, थोडं थोडं करत, वापरलेल्या वहीच्या पानापाशी आणून सोडली. मास्तरांनी ती बघून म्हटलं, "मला पिवळट दिसतेय." ती म्हणाली, "मला बरी वाटतेय." मास्तर म्हणाले, "पास."

सकाळच्या उजेडात आणि दुपारच्या उजेडात वेगवेगळं बघून झालं. उतरत्या उजेडासाठी तिने त्याच रंगांची एक गडद जोडही केली, काळी नव्हे, ओल्या मातीसारखी. आठव्या दिवशी संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा सहा वाजले होते, आणि ओला रुमाल दोरीवर वाळत होता. सासूने चहात आज साखर जरा जास्त घातली.

तिचं डोकं पुढे कधी दुखलंच नाही असं नाही. नवा चष्मा आला, टेबल फिरलं, उजेड कमी झाला, ती तासातासाला उठून खिडकीशी उभी राहायला लागली. यातलं कशाने किती झालं ते कुणाला सांगता येणार? मास्तरांना विचारलं तर ते सगळं श्रेय चष्म्याला देतात. दुसरं काम मागायचा अर्ज मात्र तिने दिला नाही. आणि मास्तरांनी बायकोच्याच डॉक्टरांकडे जाऊन मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली. बायको म्हणाली, "आता कळेल भिंती कशा आहेत ते." ते म्हणाले, "बोल, बोल, तुझे दिवस आहेत."

महिनाभराने सून ऑफिसातून आली आणि म्हणाली, "बाबा, माझी पाटी बघून चौघांनी मागून घेतली. पण एकाला ती चालत नाही. त्याला तांबडा आणि हिरवा यांतला फरकच दिसत नाही, जन्मापासून. टिपणं आणि अवतरणं त्याला एकच वाटतात. मी म्हटलं, माझे सासरे रंगमास्तर आहेत."

"अगं, माझी शस्त्रक्रिया व्हायचीय अजून."

"तेच तर मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग आमचं जमेल."

मास्तर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून करडा शर्ट काढला, इस्त्री केली, आणि सुनेबरोबर तिच्या ऑफिसला गेले. लांबच लांब खोली, रांगेने टेबलं, आणि शेवटच्या टेबलाशी एक उंच, लाजरा माणूस त्यांची वाट बघत उभा होता. तो घाईघाईने सांगायला लागला की त्याला काय काय दिसत नाही.

"ते राहू द्या," मास्तर म्हणाले आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. "तुम्हाला काय काय दिसतं, ते सांगा. पण त्याआधी ती खिडकी. दहा वाजता इथे ऊन येतं का हो?"